नऊ पाणी

दसरा झाला तरी पावसानं पाठ सोडली नव्हती. सोयाबीन उभ्या शेंगांत उगवून आलं, तुरीच्या बुडाशी पाणी साचून पानं पिवळी पडली, आणि पत्र्यावर चढवलेल्या वेलाचे भोपळे वाळायच्या ऐवजी घाम फुटल्यासारखे ओले राहिले. शोभाबाईनं मग ते एकेक करून उतरवले, चुलीच्या वर आडवी तार बांधली आणि तिला टांगले. महिनाभर कोहिनूर गावातल्या त्या घरात भाकरी आणि भोपळे एकाच धुरात शेकत होते.

धूर झाला की तिची सून ज्योत्स्ना अंजूला कडेवर घेऊन अंगणात यायची. अडीच वर्षांची पोर. तिच्या पाठीला कान लावायचा, बरगड्या आत ओढल्या जातायत का बघायचं, नाकपुड्या फुलतायत का बघायचं, हे तिला भाकरी थापण्याइतकं सवयीचं झालं होतं. मागच्या हिवाळ्यात ती हैदराबादला नवऱ्याजवळ होती. राजपाल तिथं टेम्पो चालवायचा. खोली वरती, आणि खाली गाड्यांना रंग मारायचं दुकान. फवारा सुरू झाला की फरशीतनं वास वर यायचा आणि अंजूची छाती वाजायला लागायची. तीन वेळा वाफ द्यायला दवाखान्यात न्यावं लागलं. चौथ्या वेळी ज्योत्स्नानं पोर उचलली आणि सासरी आली ती आलीच.

आता राजपालचा फोन आला की शेवट एकाच बोलण्यावर व्हायचा.

"दोन जागी दोन चुली मला झेपंना गेल्यात, ज्योत्स्ना. तिथं काई काम लागलं तर राहा. न्हाईतर एक तारखेला न्यायला येतो."

"खोली?"

"खोली तीच हाय."

म्हणून बसवकल्याणच्या भोपळ्याच्या मेळ्याचा कागद हाती आला तेव्हा तिनं तो चार वेळा वाचला. कागद कानडीत होता, सोरेकाई हब्ब, म्हणजे सोऱ्याचा, भोपळ्याचा सण. शाळेच्या मैदानावर दिवसभर दुकानं, संध्याकाळी निवड. निवडलेल्या घरानं वर्षभर आपल्या गावात बायांना भोपळ्याचं काम शिकवायचं, दर महिन्याला पगार. कोहिनूरला एक जागा, मंठाळला एक.

"सोऱ्याचं काम शिकवायला माणूस लागतंय व्हय?" शोभाबाई म्हणाली. "मला कुणी शिकवलं?"

तिला ते नवऱ्यामुळं शिकावं लागलं होतं. नागनाथ तरणा असताना गावातल्या जगदेवप्पाच्या बापाच्या खळ्यावर कामाला होता. तिथं पाणी वरनं ओंजळीत मिळायचं, तेही कुणाला सवड झाली तर. एका उन्हाळ्यात तो चक्कर येऊन पडला आणि शोभाबाईनं पत्र्यावर कडू भोपळ्याचा वेल चढवला. दुसऱ्या साली नागनाथ खांद्याला आपला वाळक्या भोपळ्याचा, पाण्यानं भरलेला तुंबा अडकवून कामाला गेला. पुढं आजूबाजूच्या वाड्यांतले गडी तिच्याकडनं तुंबे न्यायला लागले.

काम सोपं दिसायचं. वाळला की तोंड कापायचं, आत वाळू न् बारीक खडे घालून खुळखुळवायचा, गर बाहेर काढायचा. पण खरं काम पाण्याचं. राख घालून पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं, ओतायचं. पुन्हा भरायचं. अशी नऊ पाणी. सहाव्या पाण्याला कडूपणा गेला असं वाटतं, पण तो सालीत दबा धरून बसलेला असतो. नववं पाणी शोभाबाई स्वतः प्यायची. आणि घेणारा आला की त्याच्यासमोर तुंबा भरून पहिला घोट पुन्हा तीच घ्यायची, वरनं, ओठ न लावता. मग द्यायची. ज्याला नऊ पाणी मिळाली नाहीत त्या तुंब्याच्या गळ्यात काळा दोरा. पूर्ण झाला की दोरा काढायचा. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत चूक एकही नव्हती.

या वेळी नऊ तुंबे निघाले. आठांना पूर्ण पाणी मिळालं. नववा सगळ्यांत मागे वाळला होता, त्याच्या गळ्यात दोरा तसाच होता. त्याला भोकं पाडून दिवा करायचा असं ज्योत्स्नानं ठरवलं. आतून नुसता खरवडला, भोकं मागनं पाडायची होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारभर ती उंबऱ्यात बसून तापलेल्या सळईनं तुंब्यांवर वेल काढत होती. पानं, तणावे, मध्ये एकेक फूल. कॉलेजात असताना रांगोळीला तिचं नाव यायचं. नऊच्या नऊ एकसारखे व्हावेत, बघणाऱ्याला जोडी वाटावी, म्हणून ती जीव तोडून मापं घेत होती. नवव्याच्या गळ्यातला दोरा सळईच्या मध्ये यायला लागला. धुरानं चिकट झालेला, काळाकुट्ट. तिनं तो दातानं तोडला. एकच तर आहे, ध्यानात राहतो की.

संध्याकाळी ती सासूला म्हणाली, "आत्या, एक बोलू? उद्या तिथं तुमी घोट घेऊ नका."

"कामून?"

"परगावची माणसं असतेत. उष्टं म्हणतील."

"वरनं घेते मी. तोंड कुठं लावते?"

"तरीबी. कागदावर आपलं नाव, गाव समदं हाय. वळखणारे वळखतेत. त्यायला निमित्त कशाला?"

शोभाबाई परातीतलं पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "शिकलेली तू हाईस."

*

सकाळच्या बसला गर्दी होती. नऊ तुंबे जुन्या लुगड्यात बांधलेले, ते गाठोडं शोभाबाईच्या मांडीवर. अंजू ज्योत्स्नाच्या मांडीवर. नागनाथ उभा. कंडक्टरनं दोघी बायांना आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट फाडून दिलं आणि नागनाथपुढं हात केला.

"बायांला फुकट, पोरीला फुकट, भोपळ्याला फुकट," नागनाथ खिसा चाचपत म्हणाला. "घरात पैसेवाला मी एकटाच राहिलो."

मागचे दोघं हसले. ज्योत्स्ना हसली नाही. खिडकीतनं वारं येत होतं आणि अंजूच्या टोपीची गाठ सुटली होती. तिनं ती बांधली. थोड्या वेळानं पुन्हा सोडून बांधली.

मैदानावर आत शिरल्या शिरल्या तिची नजर जागेवर गेली. कमानीजवळची दुकानं भरली होती. त्यांची जागा शेवटाला, पाण्याच्या टँकरच्या पलीकडं, जिथं सांडलेल्या पाण्यानं चिखल झाला होता. कागद तपासणारा पोरगेला माणूस म्हणाला, "तुमचं पाण्याचंच सामान हाय न? मग टँकरजवळ बरं."

"बरं," नागनाथ म्हणाला आणि चिखलावर टाकायला विटांचे तुकडे शोधायला लागला.

शेजारचं दुकान मंठाळच्या धोंडप्पाचं. म्हातारा भोपळ्यांचे मुखवटे करायचा. लांबट भोपळ्याचं नाक, पोटाचे गाल, कवड्यांचे दात. तो स्वतःही जवळपास तसाच दिसायचा.

"कुठली लेक?" त्यानं ज्योत्स्नाला विचारलं.

"कोहिनूर. सून हाव."

"शिकलेली दिसतीस."

"बी.ए."

"आँ. बी.ए. करून हाती भोपळाच आला म्हण की."

"तुमी तर न शिकताच मिळवला, काका," ज्योत्स्ना म्हणाली, आणि म्हातारा दात नसलेलं तोंड उघडून इतका हसला की अंजू घाबरून आईच्या पदरात शिरली.

बांबू आडवा बांधून त्यांनी तुंबे ओळीनं टांगले. चांगले दिसत होते. येणारी-जाणारी माणसं थबकायची, वेलावरनं बोट फिरवायची, फोटो काढायची. एक बाई म्हणाली, "घरात टांगायला काय सुंदर." शोभाबाई म्हणाली, "बाई, पाण्याचं हाय ते. उन्हाळ्यात माठापरीस गार राहतंय." बाईनं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाली, "बघते, परत येते." ती तिकडनंच कमानीकडं गेली. असं दुपारपर्यंत तिघांनी केलं. शोभाबाई प्रत्येकाला "या" म्हणायची आणि तुंब्यावर बसलेली धूळ पदरानं पुसायची.

"नुसते टांगून काय उपयोग?" नागनाथ म्हणाला. "पाणी भरून ठेवू. गार लागलं की माणूस इचार करंल."

"भरा," ज्योत्स्ना म्हणाली. अंजूनं लघवीला लागल्याचं सांगितलं होतं आणि ती तिला घेऊन निघालीच होती. "टँकरचं पाणी स्वच्छ हाय का बघा आधी."

"बगतो, बगतो. जा तू."

परत येताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं आली. एक तारीख डोक्यात टिकटिकत होती. इतरांचं सामान काय आहे, कुणाचं काम आपल्यापेक्षा सरस आहे, हे तिला बघायचं होतं. एका दुकानात भोपळ्याचे दिवे, आत बल्ब, भोकांतनं भिंतीवर चांदण्या पडलेल्या. एका ठिकाणी चिमण्यांची घरं. एका म्हाताऱ्यानं एकतारी आणली होती, तार छेडली की भोपळ्याचं पोट घुमायचं. अंजूनं त्या पोटाला कान लावला आणि डोळे मोठे केले. "आत कोण हाय?" तिनं विचारलं. "आवाज हाय," ज्योत्स्ना म्हणाली. प्रत्येक दिव्यापाशी तिचा जीव खाली जात होता. हे सगळे निवडले जाण्यासारखेच होते.

मधल्या मांडवात आळंदची गुरुबाई बसली होती. निवड तीच करणार असं सगळे म्हणत होते. पन्नाशीची, रुंद हाडाची, बोटं सालीसारखी खरबरीत. ती बायांच्या घोळक्याला वाळल्या भोपळ्यावर टिचकी मारून दाखवत होती. "नोड्री, बघा, कच्चा असला की असं बोलतो. पक्का असला की असं. कान पायजे. चित्र मागनं काढता येतंय." बोलता बोलता तिची नजर ज्योत्स्नाच्या बोटांवरच्या सळईच्या डागांवर गेली. "तू काय करतीस?"

"पाण्याचे तुंबे. माझी सासू करती. मी वरती वेल काढते."

"पाण्याचे?" गुरुबाईनं हातातला भोपळा खाली ठेवला. "अजून करतंय कुणी? येते मी. कमिटीचे अण्णा आले की घेऊन येते."

ज्योत्स्ना जवळजवळ पळतच परत आली.

*

नागनाथनं तुंबे भरून ठेवले होते. शोभाबाई एका शाळेच्या मुलीला वाळू कशी घालायची ते सांगत होती. ज्योत्स्नानं अंजूला खाली सोडलं, स्वतःचा पदर नीट केला, घामानं चिकटलेले केस मागं सारले, आणि सासूच्या पदराला लागलेला चिखल खरवडायला वाकली. तेवढाच वेळ. वर बघितलं तर अंजू बांबूखाली उभी. तुंबे खालपर्यंत लोंबत होते, त्यांच्या तोंडांतनं थेंब गळत होते आणि अंजूचा हात ओला होता. तिनं बोटं चोखली. मग तिचं तोंड वाकडं झालं. ओठ, नाक, डोळे, सगळं एका जागी गोळा झालं आणि तिनं जीभ बाहेर काढली.

"छी," ती म्हणाली.

ज्योत्स्नानं तिचं बोट धरून आपल्या जिभेला लावलं.

कडू. जिभेच्या मुळापर्यंत उतरलेलं, न जाणारं.

चार वर्षांमागं गावात एकानं कडू भोपळ्याचा रस औषध म्हणून घेतला होता. रक्ताच्या उलट्या होऊन तो बिदरच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता. तिनं अंजूचं तोंड पदरानं आतून बाहेरून पुसलं, पाण्याच्या बाटलीतनं चूळ भरायला लावली. "किती पिलीस? अंजू, किती पिलीस? घोट घेतलास का बोट?" अंजू नुसती बघत होती. आईच्या आवाजानं तिचा ओठ थरथरायला लागला.

"कुठला गं? कुठल्या सोऱ्याला हात लावलास?"

अंजूनं बोट केलं. पहिल्याकडं. मग दुसऱ्याकडं. मग सगळ्यांकडं. गळत सगळेच होते.

"मामा, तुमी किती भरले?"

"समदे भरले," नागनाथ म्हणाला. "नऊ."

"आत्या." तिनं अंजूला जवळ ओढलं. "त्यातला एक दोऱ्याचा हाय."

शोभाबाई वळली. ओळीवरनं तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. नऊ तुंबे, नऊ वेल, एकसारखी पानं, एकसारखी फुलं. ती हातानं गळे चाचपायला लागली. "दोरा कुठाय?"

"मी तोडला. वेल काढताना मध्ये यायला होता."

अंजूचा जबडा धरून शोभाबाईनं आत बघितलं, पोट दाबून बघितलं, कमरेचा बटवा सोडून गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. "बोटाचंच हाय. जास्त न्हाई गेलं. उलटी झाली तर बघू." मग म्हणाली, "एकेक चाखून बघावं लागंल. वतू नको, वतलं तर कळायचं न्हाई."

तिनं पहिल्या तुंब्याला हात घातला आणि टँकरच्या बाजूनं माणसं आली.

पुढं गुरुबाई, मागं फोटो काढणारा, मध्ये जगदेवप्पा. मेळ्याच्या कमिटीचा अध्यक्ष. कोहिनूरचीच असामी, अर्धं शिवार त्याचं. पांढरं धोतर, चिखलात पाय पडू नये म्हणून विटांवर नेमकी पावलं टाकत आला. त्याच्या मागं गावातली चारपाच माणसंही होती, कुणाला निवडतात ते बघायला आलेली.

"नागनाथ, तू बी आलास व्हय," तो म्हणाला.

"आलाव, अप्पा," नागनाथ म्हणाला. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

"अण्णा, हे बघा," गुरुबाई म्हणाली. "हे काम आता आमच्या आळंदला बी कुणी करत न्हाई. दिवे समदेच करतेत. यात पाणी गोड राहतंय का, तेच खरं. एक घोट घ्या. फोटो बी होईल."

धोंडप्पासुद्धा मुखवटा हातात धरून बघत राहिला. कोहिनूरच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. नागनाथची मान ताठ झाली होती, गळ्याची शीर उडत होती. त्याच्या बापाच्या, त्याच्या हातचं पाणी जगदेवप्पाच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. जगदेवप्पानं ओळीकडं बघितलं, फोटो काढणाऱ्याकडं बघितलं, आणि चौथा तुंबा उचलला. उचलून छातीपर्यंत आणला.

"अप्पा, थांबा," ज्योत्स्ना म्हणाली.

तो थांबला. नागनाथनं सुनेकडं असं बघितलं, जणू तिनं त्याच्या डोक्यावरची टोपी चिखलात फेकली होती.

"कामून?" जगदेवप्पा म्हणाला.

"त्यात एक कडू हाय. कुठला ते कळंना गेलंय. चूक माझी हाय."

मागनं कोणीतरी हळूच म्हणालं, "घ्या. द्यायलेत ते बी कडू."

"खूण नव्हती का?" गुरुबाईचा आवाज बदलला होता.

"होती. मी काढली."

"चित्रापायी?"

"व्हय."

गुरुबाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. ते बघणं मागनं आलेल्या त्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ज्योत्स्नानं अंजूला शोभाबाईच्या कडेवर दिलं. जगदेवप्पाच्या हातातला तुंबा तिनं मागितला नाही, नुसता हात पुढं केला. त्यानं दिला. तिनं तोंड वर केलं आणि धार घशात सोडली. सगळ्यांसमोर, मान मागं टाकून, गळा उघडा करून प्यायची तिला कधी सवय नव्हती. पाणी हनुवटीवरनं गळ्यात गेलं.

गोड.

"आमच्यात पहिला घोट करणाराच घेतोय," शोभाबाई कुणाकडं न बघता म्हणाली. "मीच घेते नेहमी. आज राहिलं."

पाचवा. गोड. पहिला. दुसरा. प्रत्येक घोटाला तिला वाटायचं आता येईल, आणि यायचं नाही, आणि न आल्यानं जास्तच भीती वाटायची. तिसरा. सातवा. मध्येच तिनं वळून अंजूकडं बघितलं. पोर गूळ चघळत आईकडं टक लावून बघत होती. सहावा तुंबा तिनं उचलला आणि घोट आत गेला न गेला तोच ती वाकली. थुंकली तरी अर्धं आत गेलंच होतं. डोळ्यांतनं पाणी आलं. तिनं तो तुंबा बाजूला, विटेवर ठेवला.

"हा," ती म्हणाली.

मग ती सरळ झाली आणि तिनं ओळीतल्या शेवटच्या दोन तुंब्यांतनंही एकेक घोट घेतला. आता तोंड इतकं कडू होतं की त्यांची चव कळेना. तिनं ते सासूकडं दिले. शोभाबाईनं नातीला कडेवर सावरत दोन्हींतनं एकेक घोट घेतला. "गोड हाय," ती म्हणाली.

शोभाबाईनं चौथा तुंबा घेतला, जो जगदेवप्पानं उचलला होता तोच, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरला.

"घ्या, अप्पा. आता काई भ्याव न्हाई."

जगदेवप्पानं तुंबा घेतला. फोटो काढणाऱ्यानं मोबाइल वर केला. जगदेवप्पानं तुंबा तिरका केला, डाव्या हातावर धार धरली, दोन्ही हात चोळून धुतले, बोटांना लागलेला धुरकट डाग घासून काढला आणि तुंबा परत दिला.

"गार हाय," तो म्हणाला. "चांगलं काम हाय."

फोटो निघाला. विटांवर पावलं टाकत तो पुढच्या दुकानाकडं गेला. प्यायला उचलला होता की फोटोपुरता, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

नागनाथ पालथ्या बादलीवर बसला. "पिणार होता," तो जरा वेळानं म्हणाला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यानं पुन्हा म्हटलं, "हात तर वर नेला होता."

*

दिवस कलता कलता गुरुबाई एकटीच आली. काखेत वही. ज्योत्स्ना टँकरमागं दोनदा ओकून आली होती आणि आता अंजूला मांडीवर घेऊन तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती. पोट मऊ होतं. अंजू धोंडप्पाच्या मुखवट्याशी बोलत होती.

"पोरगी बरी हाय?"

"हाय. ओकली न्हाई."

"आणि तू?"

"मी मोठी हाव."

गुरुबाई विटेवर टेकली. बाजूला ठेवलेला कडू तुंबा उचलून तिनं टिचकी मारली, ऐकला, ठेवला. "खूण काढणारीला मी शिकवायला ठेवत न्हाई. तुझ्या सासूचं नाव लिहिलंय. कोहिनूरची जागा शोभाबाईची. तू तिच्या हाताखाली. तुला मंजूर?"

"मंजूर हाय, अक्का."

"अजून एक हाय." गुरुबाईनं वहीतला छापील कागद पुढं केला आणि नजर दुसरीकडं नेली. "काय शिकवणार, ती जागा कोरी हाय. अण्णा म्हणले, दिवे लिहा. पाण्याचं नको म्हणले. वर्ग गावच्या समाजमंदिरात भरणार, समद्या घरच्या बाया येणार. उगं कुणाला अडचण नको, म्हणले. मी बोलून बघितलं. तिघांची कमिटी हाय, मी एकटी."

"आणि पाण्याचं लिहिलं तर?"

"तर कागद परत त्यांच्याकडं जातो."

पेन तिनं ज्योत्स्नाच्या हातात दिलं. शोभाबाई पलीकडं तुंबे रिकामे करून लुगड्यात बांधत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही. नागनाथ टोपी गुडघ्यावर ठेवून चिखलाकडं बघत होता. ज्योत्स्नानं कोरी जागा बघितली. चार बोटं लांब रेघ. त्या रेघेखाली रंगाचं दुकान होतं, फरशीतनं येणारा वास होता, वाफेचं यंत्र तोंडाला लावलेली अंजू होती. पेन दोनदा उचललं, दोनदा टेकलं.

तिनं लिहिलं, दिवे.

अक्षर चांगलं आलं होतं. तिला त्याचीच लाज वाटली.

*

परतीच्या बसला बसायला जागा मिळाली. नागनाथ पुढच्या बाकावर, या दोघी मागं. तुरीची पिवळी रानं मागं जात होती. ज्योत्स्नानं राजपालला फोन लावला, लागला नाही, तेव्हा 'काम लागलं, येऊ नका' एवढंच लिहून पाठवलं.

मग नागनाथनं मान न वळवता विचारलं, "काय लिहिलंस?"

"दिवे."

त्यानं मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. त्यापेक्षा तो दोन शब्द टाकून बोलला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"आत्या, तुमी तर काई बोला."

"काय बोलू? दिवे सोपे हायत," शोभाबाई म्हणाली. गाठोड्यात हात घालून तिनं कडू तुंबा शोधून काढला होता आणि आपल्या लुगड्याच्या काठातनं दोरा उसवत होती. "भोकं पाडायला वेळ लागत न्हाई. वाळू, खडे, खरवडलं की झालं. पाणी दाखवायची गरज न्हाई."

"व्हय."

"पण मी दाखवणार." दोरा निघाला. तो तिनं तुंब्याच्या गळ्याला गुंडाळला आणि गाठ मारली. "दिवा असू दे न्हाईतर काय बी असू दे. माझ्या हाताखालचा भोपळा नऊ पाणी घेतल्याबिगर पुढं जायचा न्हाई. आणि नववं पाणी ज्या त्या बाईनं आपलं आपण प्यायचं. भोकं त्याच्या मागनं पाडू."

"कुणी इचारलं तर? दिव्याला पाणी कशाला म्हणून?"

"कीड लागत न्हाई म्हणून सांगू." शोभाबाईनं दोऱ्याची टोकं दातानं तोडली. "एखादीनं भोकं पाडलीच न्हाईत, तर मी काय करू."

पुढच्या बाकावर नागनाथचे खांदे हलले. हसला की खोकला, मागनं कळलं नाही.

अंजू झोपेतनं उठली आणि पाणी मागायला लागली. बाटली दुपारीच संपली होती. एका तुंब्यात, चौथ्यात, शोभाबाईनं घरच्या वाटेपुरतं पाणी ठेवलं होतं. ज्योत्स्नानं तो उचलला आणि अंजूच्या तोंडाशी नेला. पोरीनं तोंड फिरवलं. चिमुकल्या तळव्यानं तुंबा आईकडं ढकलला.

"तू आधी," ती म्हणाली.

ज्योत्स्नानं मान मागं टाकली. बस हादरत होती, धार गालावर सांडली, तरी एक घोट आत गेला. दुपारचा कडूपणा तिच्या तोंडातनं अजून गेला नव्हता. पाणी कसं लागतंय ते तिला कळेना. तिनं तुंबा सासूपुढं केला. शोभाबाईनं घोट घेतला, थांबली, मान डोलावली. मग नागनाथनं मागं हात केला, त्यानंही घेतला.

"आता," अंजू म्हणाली.

ज्योत्स्नानं तिच्या ओठांवर बारीक धार धरली आणि तिच्या गळ्याकडं बघत राहिली. एक घोट उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला ती श्वास घ्यायला थांबली, आणि ज्योत्स्नाही तिच्याबरोबर थांबली.